गाडी सुरू झाली की

बत्तीस वर्षं कारखान्यात लेथ चालवलेल्या त्या माणसाला सगळे सूतभरकाका म्हणायचे. कुणाचंही काम हातात आलं की ते एक डोळा बारीक करत आणि म्हणत, "सूतभर जास्त आहे." बहुतेक वेळा ते खरंच निघे, म्हणून तर लोक जास्त चिडत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या मुलाने एक जुनी गाडी ओढत आणून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली. पन्नासेक वर्षांची, गोल दिव्यांची, तळाच्या पत्र्याची गंजून चाळण झालेली. दीड वर्ष बापलेक ती खोलत, घासत राहिले. मग मुलाला दूरच्या शहरात नोकरी लागली. जाताना तो बायकोला म्हणाला, "जागा मिळाली की तुला नेतो." आणि बापाला म्हणाला, "गाडी सुरू झाली की येतो. पहिली चक्कर तिघांनी मिळून मारायची."

त्याला आता तीन वर्षं झाली होती.

सून कपडे शिवायची. आधी ती शेडमध्ये फक्त जेवायची हाक मारायला जाई. सासऱ्यांशी बोलणंही बेताचंच. एकदा काकांनी गाडीच्या सीटचं फाटकं कव्हर तिच्या मशीनवर आणून टाकलं. "हे जमेल?" तिने ते उसवलं, कागदावर नमुने कापले आणि महिनाभरात सगळी कव्हरं नवी शिवून दिली. काकांनी शिवणीवरून बोट फिरवलं.

"सूतभर..."

"जास्त?"

"नाही. बरोबर आहे."

तिला हसू फुटलं. त्यानंतर ती रोज दुपारी मशीन झाकून शेडमध्ये येऊ लागली. तिने दरवाजे पॉलिश पेपरने घासले, दिव्यांच्या तारा ओढल्या. नखांतलं काळं काही केल्या जाईना, तेव्हा गिऱ्हाइकांचे पांढरे कपडे घेणंच तिने बंद केलं.

इंजिन मात्र दाद देत नव्हतं. त्याच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ब्लॉकला बोटभर तडा होता आणि त्यातून पाणी झिरपायचं. तसा दुसरा ब्लॉक मिळावा म्हणून काकांनी एकही भंगारवाला सोडला नाही. मिळाला नाही. बीड जोडणं जिकिरीचं. घाई केली की ते दुसरीकडे फुटतं. शेवटी काकांनीच हात घालायचं ठरवलं.

तडा पुढे पळू नये म्हणून त्यांनी त्याच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली. अंगणात विटांची भट्टी रचली, ब्लॉक लालसर होईपर्यंत तापवला आणि धगीशी वाकून वेल्डिंग केलं. सून बाजूला उभी राहून कोळसे सारत होती. चेहरा भाजत होता, पण ती हलली नाही. मग दोघांनी ब्लॉक गरम राखेत पुरला. सावकाश निवायला दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ब्लॉकमध्ये पाणी भरून पंपाने दाब दिला. जोड कोरडा राहिला. काका वाकून बघतच होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत होतं.

"बाबा," सून दुसऱ्या बाजूने म्हणाली, "इकडे या."

तिकडे नवा तडा होता. चांगला वीतभर. त्यातून पाणी ओघळून जमिनीवर पडत होतं.

काका स्टुलावर बसले. मग हात पुसून त्यांनी मुलाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"गाडी सुरू झाली," ते म्हणाले.

सुनेने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. पलीकडून मुलाचा आवाज आला.

"काय सांगता! अरे वा!"

"मग कधी येतोस?"

"बाबा, सध्या इकडे मरणाची गडबड आहे. तुम्ही असं करा ना, फोटो पाठवा."

"फोटो?"

"हो, आणि एक व्हिडिओ काढा. आवाज ऐकायचाय मला."

"बरं," काका म्हणाले. तो बायकोबद्दल काही विचारील म्हणून ते थांबले. पण फोन बंद झाला होता.

सून पाण्यातून पाय वाचवत त्यांच्याजवळ आली. "बाबा, त्यांनी तिकडे संसार मांडलाय. लहान मूल आहे. माझ्या मावसभावाने डोळ्यांनी पाहिलं."

"कधी कळलं तुला?"

"महिना झाला."

"मग परवा भट्टीपाशी कशाला उभी राहिलीस? केवढी भाजून निघालीस!"

"तुम्ही एकटे होतात."

काका जमिनीवरच्या ओल्या डागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू इथे राहू नकोस, पोरी. माझ्यासाठी तर मुळीच नको."

"कुठे जाऊ?"

दोन महिन्यांनी तिच्या थोरल्या बहिणीने याचं उत्तर शोधलं. बहिणीच्या गावातल्या शिलाईच्या कारखान्यात एक जागा होती. जायच्या दिवशी काका तिची पेटी घेऊन बसपर्यंत गेले. मुलाच्या वतीने काहीतरी बोलायला हवं असं त्यांना फार वाटत होतं. शब्द सापडेपर्यंत बस सुटली.

ती दर रविवारी फोन करायची.

"जेवलात?"

"जेवलो."

"शेडमध्ये जाता ना?"

"जातो की. थोडं थोडं चालू असतं."

खरं तर शेडला कुलूप होतं. किल्ली कुठे ठेवली ते काकांना आठवत नव्हतं, आणि त्यांनी ती शोधलीही नव्हती.