चिनी वेलीचा काढा

निकाल चांगला होता, जरा जास्तच चांगला. हेमलताने आलेख पुन्हा वरून खाली पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शैलेशला बोलावून घेतलं.

पिरंगुटच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत ती एकाच प्रश्नामागे लागली होती. संधिवातावर चिनी वैद्य एका वेलीचा काढा देतात. तो सुजलेल्या सांध्यापर्यंत पोचला, तर तिथल्या जनुकांचं काम कसं बदलतं? ऑपरेशनमध्ये निघालेल्या गुडघ्याच्या आतल्या अस्तरातून ती पेशी वाढवी, त्यांना काढ्याचा थेंब देई आणि कोणती जनुकं जोरात आहेत, कोणती मंदावली ते मोजी. या खेपेला सूज पेटवणारी तिन्ही जनुकं चिडीचूप झाली होती. पण पेशीला नुसतं जगायला जी लागतात, जी कशानेही हलू नयेत, तीही मंदावली होती.

"भांडण थांबलंय खरं," ती म्हणाली, "पण घरातली माणसंच बेशुद्ध पडली असतील तर?"

शैलेश एके काळी तिच्या हाताखाली शिकलेला. आता संस्थेचा संचालक होता. तो हसला. "मॅडम, तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही. सोमवारी संस्थेच्या मंडळासमोर मांडायचंय. जगण्याच्या जनुकांशी गुणोत्तर काढलं तरी फरक दिसतोच आहे."

"मरायला टेकलेल्या पेशीत काय वाटेल ते दिसतं. मी पुन्हा करणार."

"कशावर? फुलाबाईंच्या पेशींची एकच कुपी उरलीये. तिच्यातून काही निघालं नाही, तर हा निकालही गेला आणि नवाही. प्रकल्पाला टाळं लागेल."

ते खरंच होतं. बाकीच्या रुग्णांनी वर्षानुवर्षं औषधं घेतलेली. त्यांच्या पेशींतली जनुकं आधीच दबलेली. ताम्हिणीकडच्या वाडीवरच्या फुलाबाईंनी मात्र गुडघा बदलेपर्यंत संधिवाताची एकही गोळी पोटात घेतली नव्हती. त्यांच्या पेशी मोठ्याने बोलत.

"आधी चूक कुठे झाली ते शोधते," हेमलता म्हणाली. चूक झाली आहे याविषयी तिच्या मनात शंका नव्हती.

ती मागच्या खोलीत गेली. तिथे रोहित पुढच्या खेपेचा काढा करत होता. आयुर्वेदाची पदवी घेतलेला, हाताला स्वच्छ, तोंडाला सैल.

"या मॅडम. चहा घेणार की चीन?"

हेमलताने पातेल्यात डोकावून पाहिलं. गडद, तपकिरी, दाट. मागच्या खेपेलाही तिने हाच रंग पाहिला होता आणि काढा असाच दिसतो म्हणून पुढे गेली होती. "कुठवर आटवतोस हे?"

"चौथा हिस्सा उरेपर्यंत. काढाच ना हा?"

"त्यांच्या कृतीत काय म्हटलंय?"

"भिजवा, उकळा, गाळून घ्या. त्याच चोथ्यात नवं पाणी घालून परत उकळा. मग दोन्ही पाणी एकत्र करा." रोहितने ढवळता डाव थांबवला. "मला वाटलं, भाषांतर करणाऱ्याने आटवायचं खाल्लं. मॅडम, ही आपल्या गुळवेलीच्याच कुळातली. गुळवेलीचा काढा मी झोपेतही करीन."

"तेच झालं. गुळवेलीचा केलास."

रोहितचा चेहरा उतरला. "म्हणजे पेशींना मी चौपट..."

"आपण. थेंबाचा आकार आपण मोजला, दाटपणा कोणीच नाही. मीही नाही. आता गॅस बंद कर आणि नवी वेल भिजत घाल. या वेळी थेंबात नक्की किती माल आहे तेही वाळवून तोलायचं."

दुपारी फुलाबाई आल्या. बदललेला गुडघा दाखवायला जवळच्या दवाखान्यात आल्या होत्या, तिथूनच सून प्रियंकाला घेऊन इकडे वळल्या. खुर्चीवर बसत त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "काय म्हनतोय माझा गुडघा?"

"अजून नीट बोलला नाही, फुलाबाई."

"माझ्यासंगं तरी कुटं नीट बोलत हुता त्यो!"

प्रियंका हसली. हेमलताने खुर्ची जवळ ओढली. "तुमची शेवटची कुपी उरलीये. ती वापरायची म्हणतेय. सही तुम्ही आधीच दिलीय, तरी विचारते."

"मग वापरा की. बर्फात ठिवून लोनचं घालायचंय व्हय त्याचं?" फुलाबाईंनी दुसरा पाय पुढे केला. "ह्यो बी कुरकुरतोय लई. त्या चिन्याचं पानी ह्याला न्हाई का चालनार?"

"आज नाही सांगू शकत. जादा झालं तर बाधतं, एवढं मात्र कळलंय. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्या, चुकवू नका."

"ह्या बाईला गोड बोलाया शिकवा गं," फुलाबाई सुनेला म्हणाल्या. पण उठताना हेमलताच्या खांद्याचाच आधार घेतला.

शैलेशने कुरकुरत बैठक पुढे ढकलली. हेमलताने कुपी बाहेर काढली, पेशी वाढवल्या, आणि या वेळी काढा पातळ, कोऱ्या चहासारखा होता. ताटलीला चिकटलेल्या पेशी काढा दिल्यावरही पसरट आणि तकतकीत राहिल्या, तेव्हाच तिला कळलं की कुपी वाया गेलेली नाही.

आकडे आले तेव्हा शैलेश तिच्या खुर्चीमागे उभा होता. जगण्याची जनुकं जागची हलली नव्हती. सूज पेटवणाऱ्या तिघांपैकी एक निम्म्यावर आलं होतं. दुसरं किंचित खाली. तिसऱ्याने काढ्याची दखलच घेतली नव्हती.

"तिघांतलं एक," शैलेश म्हणाला. "मागच्या वेळी तिन्ही होती."

"मागच्या वेळी पेशी मरत होत्या."

"मंडळाला काय सांगू?"

"हेच सांग. वेल एका ठिकाणी काम करते, आणि पेशीला धक्का न लावता करते. आधीचा निकाल का टाकला तेही सांगायचं, काढ्याच्या पातेल्यासकट. ते मी सांगेन."

शैलेशने पुन्हा आलेखाकडे पाहिलं. "एका रुग्णाच्या पेशी आहेत, मॅडम. विचारतील."

"विचारणारच. त्यांच्या जागी असते तर मीही विचारलं असतं."

तिने फोन उचलला आणि गुडघ्याच्या सर्जनचा नंबर लावला. पुढच्या महिन्यात कोणकोणाची ऑपरेशनं आहेत आणि त्यांतल्या कोणी अजून औषध सुरू केलेलं नाही, हे तिला आजच हवं होतं.