अठराव्या होलची उजवी कड

मी गोल्फ कोर्सवर गवत कापतो. तीस वर्षं झाली, आणि कुणाच्या बापाला भीत नाही. साहेब लोक येतात, अक्कल शिकवतात, जातात. कुठलं गवत केवढं ठेवायचं ते मला विचारा. पण पोटची पोर माझ्याच कोर्सवर स्पर्धा खेळायला आली आणि मी माती खाल्ली.

पोर ताकदीची. होलचा पहिला फटका, ड्राइव्ह म्हणतात तो, असा हाणते की बघणारे तोंडात बोट घालतात. फक्त चेंडू कुठे जाईल ते तिलाही ठाऊक नसतं. बहुतेक वेळा उजवीकडे. मी सांगून सांगून थकलो, "अगं, लांब नको, सरळ मार. मधल्या आखूड गवतात चेंडू राहिला तर पुढचा फटका तुझ्या हातात. कडेच्या वाढलेल्या गवतात गेला की काठी नीट लागत नाही, चेंडू मग तुझं ऐकत नाही." ती हसायची. "बाबा, तुम्ही गवत सांभाळा, फटक्यांचं मी बघते."

त्या वर्षी मात्र तिचं हसू आटलं होतं. वर्षाच्या यादीत पहिल्या साठांत आली तरच पुढच्या वर्षी व्यावसायिक स्पर्धा खेळता येणार होत्या, आणि वर्षातल्या या शेवटच्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी ती अगदी काठावर होती. पहाटे चहा तसाच गार झाला. "बाबा, हे गेलं तर मला दुसरं काहीच येत नाही हो," म्हणाली.

उजाडताना मी यंत्र घेऊन अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलवर गेलो. उजव्या कडेला, तिचा चेंडू जातो तिथे, घोटाभर गवत होतं. स्पर्धेच्या लोकांनी आखून दिलेली रेघ मला पाठ होती. तरी रेघेबाहेर दोन पट्टे कापले. सगळ्यांसाठीच कापतोय की, अशी मनाची समजूत घातली. लबाडीच होती ती, उगाच दुसरं नाव कशाला देऊ!

दुपारी ती तिथे पोचली. चार फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालून होल संपवला की तरली. मी दोरीमागे उभा, जीव टांगणीला. ड्राइव्ह उजवीकडेच गेला आणि नेमका कापलेल्या पट्ट्यात पडला. वाचली, म्हटलं! पण चेंडू थांबेचना. अडवायला तिथे गवत होतंच कुठे? पुढे उतार, उताराखाली तळं. त्या उताराची माती मी स्वतः ओढलेली, आणि सकाळी तोच मला दिसू नये! चेंडू पाण्यात गेला. दंड धरून सहा झाले. यादीत बासष्टावी.

नंतर ती कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. रडत नव्हती, त्याचीच मला धास्ती वाटली.

"स्पर्धेआधी सरावात चेंडू तिथेच गेला होता, बाबा. गवतात अडकला. तरी तिथून चार केले मी. म्हणून आज बिनधास्त मारला." बुटाची नाडी सोडता सोडता तिचा हात थांबला. "ते गवत कापलं कुणी?"

"मी."

"कशाला?"

"तुझ्यासाठी गं. चेंडू तिकडे गेलाच, तर..."

तिने बूट काढून बाकाखाली सारला.

"म्हणजे मी सरळ मारेन असं तुम्हालाही वाटलं नव्हतं," ती म्हणाली.