अंबिलीची सरळ बोटं

नाणू आशानच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. बाराव्या वर्षी, दगडावर चेंडा या केरळी ढोलाचे बोल घोटताना एक ठोका चुकला म्हणून त्याचे गुरू परमेश्वर मारार यांनी चिंचेच्या काठीनं ती मोडली होती. पुढे नाणूचं नाव झालं, सत्कार झाले. प्रत्येक सत्कारात माइकसमोर त्याला तेच म्हणावं लागे, की गुरूंनी, आमच्या आशानांनी, मारलं म्हणून मी घडलो. लोक टाळ्या वाजवत आणि नाणूच्या अंगाचा तिळपापड होई.

मग म्हाताऱ्या गुरूचे हात कापायला लागले आणि त्यानं आपली नात अंबिली शिकायला नाणूकडेच पाठवली. सोबत निरोप, की पोरीची गय करू नकोस, मार खाल्ल्याशिवाय हात बसत नाही. नाणूनं तिथल्या तिथे ठरवलं. हिला चापटसुद्धा मारायची नाही, आणि अशी तयार करायची की म्हातारा तोंडात बोटं घालील.

पाच वर्षं त्यानं स्वतःला आवरलं. पोरगी काही कमी धांदरट नव्हती. हात शिवशिवला की हा उठायचा, विहिरीवर जाऊन तोंड धुऊन यायचा आणि म्हणायचा, "परत घे, पोरी."

देवळाच्या अंगणात तिचं पहिलं वादन झालं. लय चढली तशी माणसं हात उंचावून ताल धरू लागली. पहिल्या रांगेत खुर्चीवर म्हातारा मान डोलवत होता. मेल्याला किती सुख होतंय, ते नाणू डोळे भरून पाहत होता.

वादन संपल्यावर अंबिली आजोबांच्या पाया पडली.

"किती काठ्या मोडल्यास हिच्यावर?" म्हाताऱ्यानं नाणूला कौतुकानं विचारलं.

"एकही नाही, आशान. तिलाच विचारा."

म्हाताऱ्यानं नातीचा हात ओढून घेतला, एकेक बोट चाचपलं. सगळी सरळ होती.

"मग तुला मी..."

"उगाच मारलंत," नाणू म्हणाला.

एवढंच तोंडावर सांगायला तो चाळीस वर्षं थांबला होता. म्हाताऱ्यानं नातीचा हात सोडला आणि नाणूचा जीव थंडावला. पण थोडाच वेळ. म्हातारा त्याची वाकडी करंगळी मुठीत धरून रडू लागला, तेव्हा नाणूच्या लक्षात आलं, की सत्कारात सांगण्यापुरता तरी आजवर या बोटाला काही अर्थ होता. आता ते नुसतंच मोडलेलं बोट होतं.

तरीही त्यानं शब्द मागे घेतला नाही.