जाळीचा ड्रम

सहा नंबरच्या ढिगात ब्याऐंशी वस्तू होत्या. सायकलीचे दोन सांगाडे, स्कूटरची दोन चाके, शिलाई मशीनचे तीन लोखंडी स्टँड, चौकोनी पाइपचे एकोणीस तुकडे, साखळ्या चार, बोल्ट अकरा, नट एकवीस, कन्व्हेयरचा एक फाटका पट्टा आणि जीन्स धुण्याच्या मशीनमधला जाळीचा एक ड्रम. उरलेल्या अठरा वस्तू किरकोळ होत्या.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांनी मिळून रविवारी ही स्पर्धा ठेवली होती. सात गटांना सात ढीग, प्रत्येकी एकशे साठ किलो भंगार. पाच तासांत पायडलवर चालणारी गाडी बनवायची. मग तिच्यावर पन्नास किलोची गोणी ठेवून पाच अडथळे पार करायचे: टायरांची रांग, वाळू, पाण्याचा चर, आडवे टाकलेले रेल्वेचे स्लीपर आणि शेवटी चढ. वेळ दहा मिनिटे, आणि तेवढ्यात अख्खी गाडी चढावरच्या रेषेपलीकडे गेली पाहिजे. चालवणाऱ्याचा पाय जमिनीला लागला की गाडी बाद. मी एका टेस्टिंग लॅबमध्ये काम करते, म्हणून टेप आणि स्टॉपवॉच माझ्याकडे आले होते.

बाकीच्या गटांत तीन-चार जण होते. सहा नंबरला एकटी माया रोकडे होती. वय चव्वेचाळीस. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात मुकेशभाईंच्या भंगाराच्या गोदामात ती अकरा वर्षे माल निवडते, आणि सात वर्षे तिथेच वेल्डिंगही करते. पण तसा कागद तिच्याकडे नाही. आयटीआयच्या वेल्डिंगला आठवी लागते आणि तिची शाळा सातवीत सुटली. कागद नाही म्हणून कारखान्यांत तिला हेल्पर म्हणूनच बोलावतात. या स्पर्धेचा नियम असा होता, की ज्याची गाडी पाचही अडथळे वेळेत पार करील, त्याला शिक्षणाची अट न लावता वेल्डरच्या परीक्षेला बसवायचे. माया त्यासाठीच आली होती.

शिट्टी वाजल्यावर सगळे ढिगावर तुटून पडले. माया मात्र उकिडवी बसली आणि पान्याने एकेका पाइपवर टकटक करू लागली. एक उजवीकडे, एक डावीकडे.

"काय ऐकताय?" मी विचारले.

"आतून गंजलाय का ते, मॅडम. चांगला असला की बोलतो. सडलेला नुसता बद्द करतो."

मी दोन्हीकडच्या पाइपांच्या भिंतींची जाडी कॅलिपरने मोजली. उजवीकडचे सगळे दोन मिलिमीटरच्या आसपास होते. डावीकडचा एकही दीडच्या वर नव्हता.

शेजारच्या पाच नंबरला इंजिनीअरिंग कॉलेजची मुले होती. त्यांचा म्होरक्या अक्षय ड्रम बघून म्हणाला, "ताई, धोबीघाट काढताय काय?"

"हो ना. वाळूत लोळून झालं की कपडे घेऊन या."

त्याच्या गटातले तिन्ही पोरगे हसले. अक्षयही हसला.

ड्रम तिने मागचे चाक म्हणून घेतला, पुढे स्कूटरची दोन चाके. रुंदी छप्पन्न सेंटिमीटर. सायकलचे चाक वाळूत का रुतते आणि हा ड्रम का रुतणार नाही, हे मी कागदावर मांडू शकले असते. तिने ड्रम मैदानाच्या कडेच्या मऊ मातीत लोटून पाहिला आणि उचलून आणला. घसरू नये म्हणून त्यावर कन्व्हेयरचा पट्टा तारेने आवळला. हँडल बसवलेच नाही. "सरळच जायचंय, तर वळवायचं कशाला?"

साखळीची चकती ड्रमला जोडायची वेळ आली तेव्हा तिने वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला आणि बोल्ट घेतले.

मुकेशभाई कठड्यापाशी उभे होते. "अरे माया, वेल्डिंग दाखव ना. नटबोल्ट तो कोई भी लगाएगा. परीक्षा वेल्डरची आहे, पगली."

"ड्रम स्टीलचा आहे, शेठ. चुंबक लागत नाही त्याला. यांनी रॉड दिलेत लोखंडाचे. आत्ता चिकटेल, मस्त दिसेल, चढावर सोडेल."

"दिसू दे ना मस्त."

"बसायचं मला आहे त्याच्यावर."

ड्रमच्या जाळीची भोके तयार होतीच. तिने अकरा बोल्ट बसवले. नट सैल होऊ न देणारे स्प्रिंग वॉशर भंगारात नव्हते, म्हणून प्रत्येक बोल्टला दोन नट लावले. अकराव्याला एकच उरला.

दुपारी दोनला गाड्या सुटल्या. पहिल्या चार गाड्यांपैकी एकही स्लीपरच्या पुढे गेली नाही. दोन गाड्यांचे जोड तुटले. अक्षयची गाडी वाळूत चौदा सेंटिमीटर रुतली आणि त्याला पाय टेकावा लागला.

मायाची गाडी दिसायला वाईट होती आणि हळू होती. टायरांवरून ती इतकी आदळली, की गोणी बांधलेली दोरी सैल झाली. वाळूतून मात्र ती रस्त्यावरून जावी तशी गेली. चरातल्या पाण्यात ड्रम बुडाला आणि बाहेर येताच शेकडो भोकांतून रिकामा झाला. पाच मिनिटे एकतीस सेकंद झाले होते.

तिथे ती थांबली.

"चला ना ताई, काय झालं?" कोणीतरी ओरडले.

माया सीटवर पोटावर आडवी झाली, डोके मागे लोंबवले आणि पान्याने एकेका बोल्टवर ठोकू लागली. मुकेशभाईंनी कपाळाला हात लावला. "इथे पण निवडायला बसली."

दहा बोल्ट बोलले. अकरावा बोलला नाही. त्याचा नट शेवटच्या आट्यांवर आला होता. तो गळला असता तर साखळी चढावर उतरली असती. उलट्या डोक्याने तिने तो आवळला. चौऱ्याहत्तर सेकंद गेले.

स्लीपर तिने एकेक करून ओलांडले. चढाला लागली तेव्हा तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या. तरी पायडल थांबले नाही. साखळी करकरत राहिली. पुढची दोन्ही चाके वरच्या पांढऱ्या रेषेपलीकडे गेली तेव्हा घड्याळात नऊ मिनिटे बावन्न सेकंद होते. ड्रम अजून सव्वा मीटर मागे होता.

अक्षय माझ्या खांद्याशी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, दाबा ना. चाकं गेली की. कोण बघतंय?"

माझा अंगठा बटणावर होता. मायाने वरून माझ्याकडे पाहिले. तिला धाप लागली होती.

"ड्रम राहिलाय, मॅडम," ती म्हणाली. "थांबा."

मी थांबले. ड्रमची मागची कड रेषेवरून गेली आणि मी बटण दाबले.

दहा मिनिटे, नऊ सेकंद.