पालथ्या करवंटीची उताणी गोष्ट

मी करवंटी बोलतेय. हो, नारळाचीच! नाक मुरडू नका. सुलावेसी बेटाच्या या किनाऱ्यावर माझ्याइतकी अंडी कुणी उपसली नसतील.

दारवीसच्या परसातल्या माडावर मी वाढले. माझं खोबरं माशाच्या कालवणात गेलं आणि दारवीसनं माझी कड दगडावर घासून घासून धारदार केली. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. आता सगळं गाव त्याला ओपा, म्हणजे आजोबा म्हणतं.

मालेओ पक्ष्यांची जोडी रानातून इथल्या तापलेल्या वाळूत अंडं पुरायला येते आणि उबवायचं काम वाळूवर सोडून निघून जाते. एकच अंडं, पण कोंबडीच्या पाच अंड्यांएवढं! शिवाय चोराला फसवायला बाजूला खोटे खड्डे उकरून ठेवते. दारवीस कसला फसतोय! खऱ्या खड्ड्याशीच बसायचा आणि मला घेऊन खांद्यापर्यंत हात आत घालायचा. लग्नाला अंडी, बारशाला अंडी, पाहुण्याला अंडी. मलाही मोठा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? पण पक्षी दरसाल कमी होत गेले. शेवटी दोन-चार जोड्या उरल्या.

ओपाची नात मिरना शिकून आली आणि तिनं वाळूत कुंपण घातलं. घोरपडीच्या नाहीतर माणसाच्या हाती लागायच्या आत अंडी आणून कुंपणात पुरायची, अशी तिची योजना. "चोर आहात तुम्ही, ओपा!" म्हणत तिनं मला आजोबाच्या हातातून काढून खिळ्याला टांगलं. ओपानं तिच्याशी बोलणंच टाकलं.

तिनं अकरा अंडी पुरली. एकातूनही पिल्लू निघालं नाही.

"त्यापेक्षा आम्ही तळून खाल्ली असती गं!" बायका खो-खो हसल्या. गावाच्या बैठकीत ठरलं, ईदपर्यंत पिल्लू दिसलं नाही तर कुंपण काढायचं, वाळू सगळ्यांना मोकळी. मिरना त्या दिवशी जेवली नाही.

नातीला गाव हसतंय, हे काही ओपाला सोसेना. सकाळी मला खिळ्यावरून काढून तो तरातरा कुंपणाशी गेला. मिरना बारावं अंडं पुरत होती.

"अगं, आडवं काय झोपवतेस? पाळण्यात घालायचंय का त्याला?"

"मग कसं ठेवायचं?"

"उभं! निमुळतं टोक खाली. हजार अंडी काढली मी, एक आडवं नव्हतं. तुझ्या फावड्यानं ती लवंडतात, तुला कसं कळणार?"

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीत, ओपा?"

"विचारलंस कधी? चोर म्हणालीस न्‌ मोकळी झालीस."

मिरनाचे डोळे भरले. "चुकलं माझं."

"माझंही काही थोडं चुकलं नाही," ओपा पुटपुटला.

वाळूत कोपर रोवून त्यानं ऊब पाहिली. अंडं उभं ठेवलं. मग जन्मात पहिल्यांदा मी अंड्यावर वाळू लोटली! खूण म्हणून त्यानं मला तिथंच पालथी घातली.

सत्तर दिवस मी जीव मुठीत धरून पडले होते. ईद चार दिवसांवर आली. सकाळी खालून काहीतरी लागलं. वाटलं, खेकडा असेल. पुन्हा धक्का! तिसऱ्या धक्क्याला मी उताणी! वाळूनं माखलेलं पिल्लू वर आलं, पंख झटकले, आणि आई नको, बाप नको, थेट कुंपणावरून रानात!

"उडालं! ओपा, उडालं!"

ओपा लुंगी सावरत नाचला. हसणाऱ्या त्याच बायका हातातलं काम टाकून धावत आल्या.

कुंपण राहिलं, आणि वर्षामागून वर्षं त्यातून पिल्लं निघत राहिली. यंदा पहाटे पक्ष्यांच्या कलकलाटानं गावाला झोप लागत नाही, आणि तक्रार कुणाचीच नाही. मला तडा गेलाय. कुणी सरळ करायला वाकलं की ओपा खेकसतो, "हात लावू नका तिला!"

बरोबर आहे त्याचं. जन्मभर ज्यांची अंडी उपसली, त्यांच्याच एका पोरानं मला उलथून पाडलंय. पडू द्या मला अशीच.