चित्रातले दिवे

शंतनु जुनी सचित्र बालपुस्तकं जमवायचा. दादरच्या त्याच्या घरात काचेच्या कपाटात ती ओळीने उभी असत, प्रत्येकाला प्लास्टिकचं वेष्टन. पाहुण्यांना तो ती लांबूनच दाखवी.

ऑफिसातल्या मनालीने एकदा सांगितलं, "माझ्या मावशीकडे समुद्रातल्या राज्याच्या गोष्टींचं एक पुस्तक आहे. शिळाछापाची रंगीत चित्रं आहेत बघ."

त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती तो कित्येक वर्षं शोधत होता. रविवारी दुपारी तो भोईवाड्यातल्या चाळीत पोचला. अंबिकामावशी खाटेवर बसली होती. मोतीबिंदूने तिचे डोळे पार गढूळ झाले होते. पुस्तक तिच्या मांडीवर होतं.

"देवचा नाय हां," पुस्तक छातीशी धरत ती आधीच म्हणाली. "पण इलास तर वाचून दाखव."

शंतनु वाचू लागला. पान जाड आणि मऊ होतं, सुती कापडासारखं. पहिलं चित्र आलं तशी मावशीने हात वर केला.

"थांब. होडीत मुलगी बसलीय ना? आणि पाण्याखाली दिव्यांची रांग."

शंतनुने निरखून पाहिलं. मुलगी होती, होडी होती. पाणी मात्र नुसतं निळं, गडद.

"आहे," तो म्हणाला.

मग तो दर रविवारी जाऊ लागला. मावशी चित्रं सांगायची: माशांच्या अंगावर जरीचे काठ, राजवाड्याच्या खिडकीत वाळत घातलेली जाळी. छापलेल्या चित्रात यातलं काहीच नसायचं. तरी खोलीतला उजेड हळूहळू हिरवट होत जाई, बाहेरचे आवाज पाण्यातून आल्यासारखे वाटत, आणि होडीखाली खरंच काहीतरी लुकलुकतंय असा त्याला भास होई.

एका रविवारी त्याला राहवलं नाही. "मावशी, खरं सांगू? यात दिवे नाहीत."

मावशी खुदकन हसली. "माका म्हायत आसा. ते दिवे आयेचे. तिला अक्षरओळख नव्हती. चित्रं बघून स्वतःच गोष्ट रचायची. पुढे मी शाळेत जाऊन वाचायला शिकले, तर आत भलतीच गोष्ट! मला काय ती पटली नाय."

"मग माझ्याकडून का वाचून घेता?"

"म्हटलं, म्हातारपणी तरी पटता काय बघूया."

"पटली?"

"नाय." तिने पदराने डोळे पुसले. "आता तू सांग. अक्षरां नको."

शंतनुने मजकुरावर तळहात ठेवला. वरच्या चित्रात एक कासव किनाऱ्याकडे येत होतं. आयुष्यात त्याने कुणाला गोष्ट रचून सांगितली नव्हती.

"या कासवाच्या पाठीवर," तो अडखळत म्हणाला, "एक गाव आहे."

"माणसां कशी आसत थंयची?"

"हळू बोलणारी. कासव दचकू नये म्हणून."

मावशीने समाधानाने डोळे मिटले. शंतनु सांगत राहिला, दिवेलागण होईपर्यंत.

मे महिन्यात ती लेकीकडे कुडाळला कायमची राहायला निघाली. पुस्तक तिने साडीत गुंडाळून पिशवीत घेतलं. शंतनुनेच तिला परळला बसमध्ये बसवलं आणि पिशवी तिच्या मांडीवर नीट ठेवली.

गाडी हलली तशी ती खिडकीशी वाकली. "शंतनु, त्या कासवावरच्या गावात पाऊस कधी पडता रे?"

"रात्री!" बसबरोबर धावत तो ओरडला. "सगळे झोपल्यावर!"