काळतोंडीचे रक्त

“त्या नळीत कायतरी हलतंय गं पोरी,” बनुबाई दारातूनच म्हणाली.

“मीच हलवली, मावशी. या, बसा.”

शबनमने काचेच्या दोन्ही नळ्या अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात उभ्या केल्या. दोन्हींत काळतोंडी या एकाच मेंढीच्या लाल पेशी होत्या. संगमनेरच्या रुग्णालयातल्या या प्रयोगशाळेला मेंढीचे रक्त मेंढपाळ कानिफनाथच पुरवत असे. “काळतोंडीचं हाय, जपून वापरा,” असे तो दर खेपेला बजावी, जणू लेक सासरी धाडतो आहे. आपल्या पायात मोडलेला बाभळीचा काटा मात्र त्याने कुणाला दाखवला नाही. जखम चिघळली, जंतू रक्तात पसरले आणि आज सकाळी तो बायकोला, बनुबाईला, मागे ठेवून गेला.

एका नळीत त्याच्या रक्तातला, तो दाखल झाला त्या दिवशीचा द्रव होता, दुसरीत कालचा. रक्तातल्या पहारेकरी प्रथिनांची ताकद अशीच पाहतात. ताकद असेल तर ती मेंढीच्या पेशी फोडतात आणि गढूळ नळी लाल, पारदर्शक होते. डॉक्टरांनी तपासणी कालच सांगितली होती. आता अहवालाची कुणालाच घाई नव्हती.

“दीर म्हनत्यात, त्येंनी जीव सोडून दिला. जगायचंच न्हवतं म्हनं,” बनुबाई म्हणाली. “तुला कळतं का गं ह्यात?”

शबनम नळ्यांकडे वळली. पहिली नळी उजळू लागली होती. माणूस खालच्या मजल्यावर चादरीआड थंड पडला होता, आणि इथे त्याचे रक्त काळतोंडीची एकेक पेशी फोडत होते. धनी गेल्याचे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

“ह्ये त्येंचंच?”

“हो. आल्या दिवशीचं. अजून लढतंय.”

बनुबाई मागे सरली. “आन ती दुसरी?”

दुसरी गढूळच होती.

“कालचं. त्यात काही उरलं नाही.”

“म्हंजे सोडलंच म्हना की.”

“नाही, मावशी. सोडून दिलं असतं तर उरलं असतं. सगळं लढण्यात खर्ची पडलं.”

लढताना ती प्रथिने स्वतःचे घर म्हणजे ते शरीरही जाळतात, हे तिने मनातच ठेवले. पहिली नळी पुसून तिने उजेडात धरली. बनुबाईने भीत भीत बोट लावले, मग सगळी मूठच नळीभोवती मिटली.

“गरम हाय की गं,” ती पुटपुटली.

ती ऊब पाण्याची होती, हे शबनमने सांगितले नाही. नळी निवेपर्यंत ती समोर उभी राहिली.